मदत हवी आहे: दुबईहून आलेलं मुखत्यारपत्र

नमस्कार. आम्ही खेडचे (जि. रत्नागिरी). नवरा ९ वर्षं दुबईत एसी मेकॅनिक आहे. आंब्याच्या चार कलमांवर घर चालेना, म्हणून गेला. मुलाला बाबा म्हणजे बोटिमवरचा (व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपवरचा) चेहरा; परवा पडलेला दात कॅमेऱ्याला लावून दाखवत होता!

आता दिरांसोबत जमिनीचं वाटणीपत्र नोंदवायचंय. नवऱ्याला रजा नाही, म्हणून तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून माझ्या नावे मुखत्यारपत्र कुरिअरने पाठवलंय. ते इथे पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, एवढं कळलं. पोचल्याच्या तारखेला पुरावा म्हणून कुरिअरचं पाकीट चालतं का? रत्नागिरीच्या मुद्रांक कार्यालयात काय काय न्यावं? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, दोन-दोन खेपा जमणार नाहीत. कुणी केलंय का हे?