‘हितसंबंधांचा संघर्ष’: यात संघर्ष आहे कुठे?

इंग्रजीतल्या ‘conflict of interest’साठी वापरला जाणारा हा शब्द आता रोजचा झाला आहे. पण गेल्या महिन्यात तो माझ्याच हातून एका सज्जन माणसाला लागला, म्हणून ही चर्चा.

ठाण्यात नौपाड्यातली आमची सोसायटी जुनी, तीन मजली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशनं आली होती, त्यातलं एक कमिटीतल्याच एका काकांच्या जावयाचं. काकांनी ते आपणहून सांगितलं आणि पाकिटं फोडायच्या आधी ते उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. काम शेवटी दुसऱ्याच कंत्राटदाराला गेलं. मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे. कोर्ट नाक्याजवळ एका वकिलांकडे मी वीस वर्षं मराठी मसुदे करते, त्यामुळे हात सवयीने चालला: ‘श्री. अमुक यांच्याबाबत हितसंबंधांचा संघर्ष उद्भवल्याने ते बैठकीबाहेर गेले.’ पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा काकांचा चेहराच उतरला. ‘अगं, संघर्ष कसला? मी कुणाशी भांडलो?’ असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. सही केली नाही.

मला त्यांचं पटलं. संघर्ष म्हटलं की आपल्याला समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन बाजू दिसतात. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणजवळ जासईला शेतकऱ्यांचा जमिनीसाठी झाला तो संघर्ष. जिन्यात मुकाट्याने उभे राहिलेले काका कुठल्याच बाजूशी झगडत नव्हते. कायद्याला जी गोष्ट सांगायची आहे ती भांडणाची नाहीच. ती माणूस कुठे बसला आहे याची आहे.

याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण ए. के. क्रैपक विरुद्ध भारत सरकार या खटल्याचं, सर्वोच्च न्यायालय, १९६९. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर तिथले प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते आणि ते स्वतःही उमेदवार होते. त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते बाजूला झाले, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा झाली तेव्हा मंडळावर बसलेलेच होते. निवड यादीत त्यांचं नाव पहिलं आलं. न्यायालयाने ती निवड रद्द केली. त्यांच्या मनात खरंच पक्षपात होता का, हे सिद्ध करत बसायची गरज नाही, तसा तो होण्याची रास्त शक्यता आहे का तेवढं पाहायचं, असं न्यायालयाचं म्हणणं. तिथे लाच नव्हती, हाणामारी नव्हती. एकच माणूस एकाच वेळी परीक्षक आणि परीक्षार्थी झाला होता. याला ‘संघर्ष’ म्हटलं की नेमकं जे सांगायचं तेच निसटतं.

दुसरी अडचण ‘हितसंबंधांचा’ या अनेकवचनाची. त्यावरून वाटतं, दोन हितं एकमेकांवर आदळली. वकिलाच्या बाबतीत ते चालेल, कारण तिथे दोन पक्षकार असतात. दाव्यासाठी एकाला सल्ला दिला, कागद तयार करून दिले, तर त्याच प्रकरणात उलट बाजूचं वकीलपत्र घेता येत नाही, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. यासाठी आपल्याकडे ‘दोन दगडांवर पाय’ आहेच. पण नगरसेवक, अधिकारी, न्यायाधीश यांच्या बाबतीत दोन हितं नसतात. एकीकडे हित असतं आणि दुसरीकडे कर्तव्य. वर्तमानपत्रांनी रूढ केलेला ‘दुहेरी हितसंबंध’ हा शब्दही इथेच लंगडतो. २०१५ च्या जानेवारीत क्रिकेट मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवू देणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा हा शब्द सगळीकडे होता. पण तिथेही एका हाताला पदाचं कर्तव्य होतं, त्याला हितसंबंध कसं म्हणायचं?

मूळ ‘हितसंबंध’ मात्र मला टाकवत नाही. ठाण्याच्या कुठल्याही पेपरात फ्लॅटविक्रीची जाहीर नोटीस काढून पाहा: ‘सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास...’ इथे तो अगदी स्वच्छ शब्द आहे. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातही, कलम १० मध्ये, महापालिकेच्या कंत्राटात स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर नगरसेवक अपात्र ठरतो. आणि त्याच कलमात सूटही आहे: महापालिकेची जाहिरात ज्या वर्तमानपत्रात छापली जाते त्यात हिस्सा आहे, एवढ्यावरून अपात्रता येत नाही. म्हणजे हितसंबंध असणं हा कायद्याच्या लेखी आपोआप कलंक नव्हे. ‘अमक्याने हितसंबंध जपले’ असं लिहून लिहून आपणच त्याला डाग लावला. ज्या भाषेत हितगुज आहे, हितचिंतक आहे, तिथे याचं वाईट वाटतं.

माझी सूचना साधी आहे. नाम शोधण्याआधी क्रियापद पाहा. ‘यात माझं हित गुंतलंय’ हे कुणालाही कळतं आणि ते माणूस स्वतःबद्दल, मान खाली न घालता म्हणू शकतो. ‘माझ्याबाबत हितसंबंधांचा संघर्ष उद्भवला आहे’ असं आजवर कोणी तोंडाने म्हणालंय का? जो शब्द स्वतःबद्दल उच्चारता येत नाही, तो जाहीर करा असं माणसाला कसं सांगणार?

भर, दोन दिवसांनी:

हे वाचून एका दादांनी ‘लागेबांधे’ आणि ‘साटंलोटं’ सुचवलं. दोन्ही ठसकेबाज, पण दोन्ही इथे नकोत. साटंलोटं म्हणजे मुळात तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. देवाणघेवाण ठरली की मग तो शब्द येतो. आपल्याला शब्द हवा आहे तो काही वावगं घडायच्या आधीचा.

‘लाभपद’ हाच पर्याय का नको, असंही विचारलं गेलं. ते वेगळं प्रकरण. आमदार-खासदारांनी सरकारी लाभाचं पद धरू नये, यासाठीचा तो संविधानातला शब्द आहे (अनुच्छेद १०२ आणि १९१). २००६ मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची जागा याच कारणाने गेली. पदाला लाभ जोडलेला आहे का एवढं पाहिलं जातं, तो प्रत्यक्ष घेतला का हे नाही.

वाशीच्या एका ताईंचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. त्यांची सिडकोची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात पदाधिकाऱ्यांचा विकासकाशी नातेसंबंध नसण्याची अट आहे, म्हणून त्यांना प्रत्येक सदस्याकडून भरून घ्यायचा एक कागद करायचा आहे. त्या विचारतात, ‘क्रियापद बोलायला ठीक, पण रकान्याला मथळा काय देऊ?’ एकाने ‘हितगुंता’ सुचवला. छोटा आहे, तोंडात बसतो, पण अजून कुणाच्या ओळखीचा नाही आणि सहीच्या कागदावर अनोळखी शब्द आला की माणसं बिचकतात. ताई, मी असं लिहीन: ‘या कामात माझे किंवा माझ्या कुटुंबीयांचे हित गुंतलेले आहे / नाही. असल्यास कसे?’ मथळा लांबतो, लांबू द्या. ‘कसे?’ पुढची जागा मात्र मोठी ठेवा, निदान तीन ओळी.

आणि न्यायाधीश बाजूला होतात त्याला पेपरवाले ‘सुनावणीतून माघार’ म्हणतात, तेही बदलायला हवं. माघार हरणारा घेतो. ‘सुनावणीतून बाजूला झाले’ पुरेसं आहे.

आमच्या मिनिट्स बुकात मी आधीचं वाक्य खोडून असं लिहिलं: ‘एका कोटेशनमध्ये श्री. अमुक यांच्या जावयांचे हित गुंतलेले असल्याने, तसे स्वतः सांगून, ते चर्चेत व मतदानात बसले नाहीत.’ काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, ‘स्वतः सांगून’वर बोट ठेवलं, आणि सही केली.