'क्षणभंगुर' की 'घडीभराचं'?

प्रश्न : अर्जुनी-मोरगावकडच्या आमच्या गावात, वाचनालयात एक जपानी सिनेमा दाखवायचा आहे. चेरीचा बहर, एक म्हातारी, जेमतेम संवाद. तळपट्ट्या (सबटायटल्स) मी मराठीत करतोय. बहर आठवड्याभरात झडतो, त्या सौंदर्याला 'क्षणभंगुर' म्हणू का? मला तो शब्द सलतो.

– सलणारच. 'भंगुर'मध्ये 'भंज्' धातू आहे, मोडणं. कीर्तनात 'क्षणभंगुर देह' म्हणतात ते त्यावरची माया सुटावी म्हणून. तुमची म्हातारी तर झडणाऱ्या फुलावर माया करतेय. जपानीत त्याला 'मोनो नो अवारे' म्हणतात. फूल गळणार हे ठाऊक असतं, म्हणूनच ते जास्त भिडतं. 'अळवावरचं पाणी'ही नको. तुमच्या झाडीपट्टीत अळूला धोपा म्हणतात, आणि त्या वाक्प्रचारातही भरवसा नसल्याचाच सूर आहे.

– आणि सिनेमाच्या जाहिरातीत 'संथ' लिहू नका, लोक 'रटाळ' वाचतील. 'विलंबित' लिहा, गाण्यातल्या संथ लयीचा शब्द. विलंबितात गायक उशीर करत नाही, सुराला जागा देतो. दिग्दर्शक मणी कौल ध्रुपद गायकी शिकले होते, १९८२ मध्ये त्यांनी 'ध्रुपद' हा माहितीपटही केला. त्यांच्या सिनेमाची लय आलापासारखी का, ते यातून कळतं.

– प्रश्नकर्ता : 'विलंबित' घेतला. दुसरा शब्द घरातच सापडला. काल पहाटे आईसोबत मोह वेचायला गेलो होतो. झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशीच झाडून ठेवलेला. फिकट पिवळी, रसानं टचटचीत फुलं टप् टप् पडत होती. ऊन चढलं की तीच तपकिरी होऊन सुरकुततात. टोपली भरली तसा मी उठलो. आई म्हणाली, "घडीभर बस ना बाप्पा, पडू दे अजून."

घडी म्हणजे घटका, २४ मिनिटं. सिनेमा ९६ मिनिटांचा, म्हणजे नेमक्या चार घटकांचा! 'क्षणभंगुर' ऐकलं की काहीतरी मोडल्यासारखं वाटतं, 'घडीभर' म्हटलं की माणूस टेकतो. मला हाच फरक हवा होता. म्हातारी अंगणात बसून वर बघते, तिथे 'घडीभराचं आहे, बघून घे' अशी तळपट्टी टाकलीय.

– 'घे' की 'घेजो'? म्हातारी तुमच्याकडची वाटायला हवी.

– प्रश्नकर्ता : 'बघून घेजो'. आत्ताच बदललं.