मदत हवी आहे: पित्तनळी आकसली आहे, एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय फोटो) करावी की थेट ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीचा इलाज)?

रुग्ण बाई, वय 52, गाव खानापूरजवळ. आठ महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. तीन आठवडे कावीळ, अंगभर खाज, संडास पांढरट, ताप नाही. रक्तात बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) 9.2 (डायरेक्ट 7.4), अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढतं) 610. सोनोग्राफीत यकृतातल्या नळ्या फुगलेल्या, खडा नाही. बेळगावात थेट ईआरसीपी करून स्टेंट (पित्तनळी उघडी ठेवणारी बारीक नळी) घालू म्हणतात. एमआरसीपीचा खर्च वाचवला तर चालेल का? स्टेंट किती दिवस टिकतो?

उत्तर 1
तो खर्च वाचवू नका. एकदा स्टेंट पडला की फुगलेल्या नळ्या बसतात आणि फोटो धड येत नाही, म्हणून एमआरसीपी आधी. नळी नेमकी कुठे आणि किती आकसली ते त्यात कळतं. पित्ताशय काढताना लावलेल्या क्लिपने किंवा चटक्याने नळी पार बंद झाली असेल तर खालून तार वर जात नाही, ईआरसीपी वाया जाते. मग पोटाच्या कातडीतून नळी घालून पित्त बाहेर काढतात (पीटीबीडी) आणि पुढे आतडं नळीला जोडायचं ऑपरेशन.

ऑपरेशनमुळेच झालंय असं धरून बसू नका. ईआरसीपीत ब्रशने पेशी घ्यायला सांगा. ब्रश निगेटिव्ह आला तरी कॅन्सर नाहीच असं ठरत नाही. सीए 19-9 (कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ततपासणी) नुसत्या कावीळीनेही वाढतो, बिलिरुबिन उतरल्यावर पुन्हा करा. काढलेल्या पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट कुठे आहे?

उत्तर 2
प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो. ऑपरेशननंतरच्या आकसण्यात दर तीन महिन्यांनी बदलून, फुग्याने नळी रुंद करत स्टेंटची संख्या वाढवतात. हे वर्षभर चालतं. खाज थांबली की लोक तारीख विसरतात, घोटाळा तिथेच होतो. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका.

ईआरसीपीआधी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघा. पित्त आतड्यात पोचत नसल्याने व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त लवकर गोठत नाही. इंजेक्शन लागू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. नंतर वरच्या पोटात जोराचं दुखलं तर स्वादुपिंडाला सूज आली का ते तपासतात.

आणि गावठी औषध, माळ वगैरे नको. ही अडलेली कावीळ आहे, झाडपाल्याने नळी उघडत नाही.

विचारणारे
बायोप्सी रिपोर्ट फाइलमध्ये नाही, नुसतं डिस्चार्ज कार्ड आहे.

उत्तर 1
पित्ताशय तपासणीला पाठवलं होतं का ते आधी विचारा. पाठवलं असेल तर लॅबकडे रिपोर्टची दुसरी प्रत मागा. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक ठेवलेले असतात, तेही पुन्हा तपासता येतात.