जुन्या गिअरच्या सायकलीचं सिंगल स्पीड : अनुभव आणि मापं

अडगळीत पडलेल्या गिअरच्या सायकलीची फ्रेम बहुतेक वेळा ठणठणीत असते. गेलेले असतात ते डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) आणि गंजून अडकलेल्या केबली. हे सगळं उतरवून पुढे एक चेनव्हील (पॅडलकडची दातेरी चकती) आणि मागे एक फ्रीव्हील (मागच्या चाकाची, पाय थांबले तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती) एवढंच ठेवलं की तीच सायकल पुन्हा रोज चालवावीशी वाटते. ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी इथे जरूर लिहा. सायकल कुठून मिळाली यापेक्षा काय मोजलं, कुठे अडलं, कोणता भाग बसला आणि कोणता बसला नाही, हे आलं तर पुढच्याला खरा उपयोग होईल.

सुरुवात फ्रेमपासून. सगळ्यात आधी मागचं ड्रॉपआउट, म्हणजे अ‍ॅक्सल ज्या खाचेत बसतो ती जागा पाहा. खाच आडवी किंवा तिरकी असेल तर चाक मागे सरकवून चेन ताणता येते आणि निम्मं काम तिथेच झालं. १९८० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक स्टीलच्या रोड सायकलींना अशीच खाच असते. खाच सरळ खाली उघडत असेल तर चाकाला एकच जागा मिळते. मग चेन ताणायला वेगळी सोय करावी लागते. नवीन माणसाने पहिली सायकल आडव्या खाचेचीच घ्यावी.

* * *

चेनलाइनकडे, म्हणजे चेन ज्या रेषेत धावते तिच्याकडे, दुर्लक्ष केलं तर बाकी सगळं नीट करूनही सायकल कुरकुरत राहते. गिअरच्या सायकलीत चेन तिरकी चालणं गृहीत धरलेलं असतं, सिंगल स्पीडमध्ये तसं नाही. इथे पुढचे दात आणि मागचे दात एकाच सरळ रेषेत हवेत.

पुढचं माप, म्हणजे सायकलीच्या मध्यरेषेपासून दातांचं अंतर, असं घ्या. सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या नळीचा) व्यास मोजून निम्मा करा आणि ट्यूबच्या उजव्या कडेपासून दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर त्यात मिळवा. ट्यूब २८.६ मिमीची आणि कडेपासून दात २९ मिमीवर असतील, तर १४.३ + २९ = ४३.३ मिमी. आता मागचं. मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) दोन लॉकनटांच्या, म्हणजे फ्रेमला आतून टेकणाऱ्या नटांच्या, बाहेरच्या तोंडांमधलं अंतर निम्मं करा आणि उजव्या लॉकनटच्या तोंडापासून दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर त्यातून वजा करा. १२६ मिमीच्या हबवर दात २० मिमी आत असतील तर ६३ − २० = ४३. दोन आकड्यांत एखाद मिमीचा फरक असेल तर खुशाल चालवा. तीन-चारच्या वर गेला की आवाज येतो, दात एका बाजूने घासतात आणि खडबडीत रस्त्यावर चेन उतरते.

फरक पुढून कमी करायला दोन वाटा आहेत. दोन चेनव्हीलचा क्रँक असेल तर ठेवलेलं चेनव्हील क्रँकच्या बाहेरच्या बाजूला किंवा आतल्या बाजूला लावून बघा. दोन चेनव्हील धरणारे बोल्ट एकट्या चेनव्हीलला लांब पडतात. ते घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण चेनव्हील हलत राहतं. आखूड बोल्ट घ्या, नाहीतर प्रत्येक बोल्टला सारख्या जाडीचा वॉशर द्या. दुसरी वाट बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची. बंद कार्ट्रिज असेल आणि दोन्हीकडे सारखी लांबी असलेला ४ मिमी मोठा अ‍ॅक्सल घातला, तर चेनव्हील २ मिमी बाहेर येतं.

* * *

जुनं मल्टी-फ्रीव्हील (अनेक चकत्यांचं, हबवर आट्यांनी बसणारं) काढणं हे या कामातलं सगळ्यात हट्टी प्रकरण. प्रत्येक पॅडल मारताना ते आणखी आवळलं जात असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेल्या सायकलीवर ते जणू वेल्डिंग केल्यासारखं बसलेलं असतं.

आधी त्याच्या खाचांना बसेल असाच रिमूव्हर मिळवा. खाचांचे बरेच प्रकार आहेत आणि ‘जवळपास बसतो’ असा रिमूव्हर खाचा खाऊन टाकतो. आदल्या रात्री आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडा. रिमूव्हर बसवून अ‍ॅक्सलच्या नटने किंवा क्विक रिलीजच्या (खटक्याने चाक सोडायच्या सळईच्या) नटने तो जागेवर धरून ठेवा, म्हणजे निसटणार नाही. मग रिमूव्हर व्हाइसमध्ये आवळा, चाक त्यावर आडवं झोपवा आणि रिम दोन्ही हातांनी धरून मोटारच्या स्टिअरिंगसारखी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. ‘कट्’ असा आवाज येऊन पाव फेरा सुटला की तिथेच थांबा आणि धरून ठेवलेला नट आधी ढिला करा. तो तसाच ठेवून जोर लावत राहिलात तर बाहेर येणारं फ्रीव्हील त्या नटवरच दाबलं जातं आणि क्विक रिलीजची सळई तुटते किंवा आटे जातात.

दोन खाचांच्या जुन्या फ्रीव्हीलच्या खाचा तुटल्याच, तर ते फोडून काढावं लागतं. दर्शनी बाजूला दोन बारीक भोकांची एक रिंग असते. तिचे आटे उलटे, म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटते. पंच आणि हातोडीने ती काढली की बाहेरचा भाग छर्‍यांसकट मोकळा होतो. खाली एक मोठं फडकं पसरून ठेवा. उरलेला आतला गाभा व्हाइसमध्ये धरून चाक फिरवा.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो : हब वाचवायचा असेल तर स्पोक कापण्याआधी फ्रीव्हील काढा. रिम गेली की जोर लावायला हातात काहीच उरत नाही.

* * *

वरच्या माहितीत आट्यांची भर. नेहमीचं सिंगल स्पीड फ्रीव्हील १.३७५ इंच व्यासाचं, इंचाला २४ आट्यांचं असतं. जुन्या फ्रेंच हबचे आटे मात्र ३४.७ मिमी आणि १ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी) असतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, दोन फेरे बसतातही. मग पाना लावून दाबलं की अ‍ॅल्युमिनियमच्या हबचे आटे सपाट होतात. फ्रीव्हील पूर्ण शेवटपर्यंत हातानेच जायला हवं. हाताने जात नसेल तर ते त्या हबचं नाही. बसवण्याआधी आट्यांना भरपूर ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी काढताना एवढी कुस्ती होणार नाही.

* * *

मल्टी-फ्रीव्हीलच्या जागी एकेरी बसवलं की उजवीकडे रिकामी जागा उरते आणि फ्रीव्हील हबच्या फार आत बसतं. अशा वेळी अ‍ॅक्सलवरचे उजवीकडचे स्पेसर काढून डावीकडे घालायचे, पण लॉकनटांमधलं एकूण अंतर होतं तेवढंच ठेवायचं. यामुळे हब आणि रिम दोन्ही उजवीकडे सरकतात, म्हणून रिम परत मध्यावर आणावी लागते. उजवीकडचे स्पोक ढिले आणि डावीकडचे घट्ट, एका वेळी अर्धा फेरा, पूर्ण चाकभर. उलट क्रमाने केलं तर ताण एकदम वाढून निपलच्या (स्पोकच्या टोकाच्या नटच्या) कडा जातात. शेवटी नेहमीसारखा आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायचा.

मेहनत आहे, पण फायदा मोठा. दोन्ही बाजूंच्या स्पोकचा ताण जवळपास सारखा होतो आणि चाक पूर्वीपेक्षा मजबूत बनतं. हब उघडलाच आहे तर छर्रेही बदला : मागच्या हबला सहसा पाव इंचाचे, प्रत्येक बाजूला ९.

* * *

कॅसेटचा हब (चकत्या आट्यांनी न बसता हबच्या खाचेदार बॉडीवर सरकवून बसतात असा) असेल तर चाकाला हात लावायची गरज नाही. एक चकती, बाकी स्पेसर आणि ते जागी धरणारी लॉकरिंग, झालं. जुन्या कॅसेटचे स्पेसर कामाला येतात. चकती मात्र रुंद बुडाची घ्या. पातळ पत्र्याची चकती अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत रुतते आणि नंतर निघत नाही. स्पेसर इकडचे तिकडे करून चेनलाइन हवी तिथे आणता येते, ही यातली सगळ्यात मोठी सोय.

* * *

उभ्या खाचेच्या फ्रेमवाल्यांसाठी. चेन ताणायला जुनं मागचं डिरेलरच वापरता येतं. केबल लागत नाही. लिमिट स्क्रू (डिरेलरची हालचाल अडवणारा) फिरवून वरची पुली बरोबर चकतीखाली आणायची. स्क्रू पुरला नाही तर केबलचा छोटा तुकडा अडकवून ती जागा पक्की करायची. तयार टेन्शनर घेणार असाल तर चेन वर ढकलणारा घ्या. त्यामुळे चेन चकतीला जास्त दातांवर धरते आणि चढावर सटकत नाही.

टेन्शनरशिवाय जमवायचं तर दातांचा खेळ करावा लागतो. पुढे किंवा मागे एक दात बदलला की अ‍ॅक्सल साधारण ३.२ मिमी सरकवल्याइतका फरक पडतो. अर्धी कडी घातली तर ६.३५ मिमी. योग्य जोडी सापडली तर सायकल फार देखणी दिसते. पण चेन झिजते हे विसरू नका. ९६ कड्यांची चेन सुमारे १२२० मिमी भरते. ती अर्धा टक्का झिजली तरी ६ मिमी वाढते आणि सगळा झोल खालच्या बाजूला लोंबतो. अशा सायकलीला चेन लवकर बदलावी लागते.

* * *

गिअर किती ठेवायचा? रोडच्या चाकाचा परीघ टायरसकट साधारण २.१ मीटर धरा. ४२ ला १८ (पुढे ४२ दात, मागे १८) म्हणजे पॅडलच्या एका फेर्‍यात ४.९ मीटर, मिनिटाला ८० फेर्‍यांना ताशी साडेतेवीस किमी. ४२ ला १६ घेतलं तर त्याच फेर्‍यांत साडेसव्वीस. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा जड गिअर निवडतो, कारण सपाटीवर तो छान वाटतो. वारा समोरून आला किंवा चढ लागला की गुडघे बोलायला लागतात. पहिले काही आठवडे १८ चं फ्रीव्हील लावा. पाय सतत हवेत फिरतायत असं वाटलं तरच १७ किंवा १६. माउंटन बाइकवर कच्च्या रस्त्यासाठी ३२ ला १८.

चालवण्याची पद्धतही बदलते. चढ सुरू व्हायच्या आधीच वेग घ्यायचा, वेग पडायच्या आधी उभं राहायचं आणि हँडल हलकेच ओढत शरीराचं वजन पॅडलवर टाकायचं. वेग पडल्यावर उभं राहिलात तर उशीर झालेला असतो. उतारावर पाय थांबवून विश्रांती घ्यायची. महिनाभरात पुढचा रस्ता आपोआप वाचला जातो, आणि डिरेलरची खडखड गेल्यामुळे नुसता टायरचा आवाज ऐकू येतो. ते सुख वेगळंच.

* * *

चेन कोणती, ते राहिलं. ३/३२ इंची (पातळ) दातांवर १/८ इंची (रुंद) चेन चालते, उलट चालत नाही. चेनव्हील जुनं ३/३२ चंच ठेवत असाल तर आठ स्पीडची साधी चेन उत्तम.

चेनला मधोमध वर-खाली मिळून एखाद सेंटिमीटर खेळ ठेवा. क्रँक सावकाश फिरवून पाहिलं तर एका ठिकाणी चेन ताठ आणि समोरच्या बाजूला ढिली लागेल, कारण चेनव्हील मध्यावर बसलेलं नसतं. बोल्ट फक्त जरासे ढिले करा, क्रँक सगळ्यात ताठ जागी आणा आणि चेनवर पान्याच्या मुठीने हलकेच ठोका. चेनव्हील केसभर सरकतं. फिरवा, पुन्हा ठोका, मग बोल्ट आवळा. चार-पाच वेळा केलं की ताण सगळीकडे सारखा होतो. बोटं चेन आणि दातांच्या मध्ये जाऊ देऊ नका.

क्विक रिलीज ठेवायचं असेल तर जुनं, कॅम (खटका आवळणारा भाग) आत असलेलं स्टीलचंच ठेवा. हलकं, उघड्या कॅमचं आडव्या खाचेत जोर लावल्यावर सरकतं आणि चाक उजवीकडून पुढे ओढलं जाऊन टायर फ्रेमला घासतो. नटांचा अ‍ॅक्सल त्याहून चांगला.

* * *

दोन्ही ब्रेक ठेवा. २७ इंची चाकाच्या जागी ७०० सी (थोडं लहान चाक) घातलं तर रिम ४ मिमी आत जाते. ब्रेकचे पॅड तेवढे खाली येतात का, ते चाक घेण्याआधीच तपासा. साध्या फ्रीव्हील हबवर फिक्स्ड चकती (पाय थांबवले की चाकही थांबवणारी) चढवून चालवू नका. उलट्या आट्यांची लॉकरिंग बसायला त्यावर जागा नसते आणि पाय मागे रेटला की चकती सुटते.

चेन जोडणाऱ्या क्लिपची बंद बाजू नेहमी चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. पहिल्या ५० किमीनंतर चेनचा खेळ, मागचे नट आणि चेनव्हीलचे बोल्ट पुन्हा एकदा पाहा. नवीन फ्रीव्हील आट्यांवर आणखी थोडं आवळलेलं असतं आणि नवी चेनही जराशी बसलेली असते.