किळस ठीक, पण संशय कशाला?

ताई, तुम्ही नाबोकोव्हची ‘लोलिता’ ही कादंबरी अर्ध्यात टाकून दिली, आणि असलं पुस्तक आवडणाऱ्यांचाच संशय येतो म्हणता. टाकलीत ते ठीक, किळस यायलाच हवी. संशयाचं मात्र पटलं नाही.

१२ वर्षांच्या मुलीची ही गोष्ट तिच्यावर अत्याचार करणारा हम्बर्ट स्वतः सांगतो, तेही लाघवी भाषेत, वकिली थाटात. तिला बोलायला तो जागाच देत नाही. पण नाबोकोव्हने मध्ये फटी ठेवल्यात. हा झोपेचं सोंग घेतो आणि ती रोज रात्री रडते, हे तो जाता जाता सांगून मोकळा होतो. आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या वाचनगटात ‘काय भाषा आहे ना बापा!’ म्हणणारे एक काका तिथे पुरते गडबडले.

देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (१८९९) कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालेला म्हातारा भुजंगनाथ बाहेरून दिसतो. प्रेक्षक त्याला हसतो आणि सुटतो. हम्बर्ट तशी सोय ठेवत नाही, आपल्याला शेजारी बसवून घेतो. त्रास होतो तो त्याचाच.

माझा राग आहे तो मुखपृष्ठांवर. १९५८ च्या अमेरिकी आवृत्तीच्या वेळी नाबोकोव्हने प्रकाशकाला बजावलं होतं, मुलगी नको. पुढच्या कित्येक आवृत्त्यांनी नेमकी तीच छापली. बर्डीच्या फुटपाथवर मी घेतलेली जुनी प्रतही तसलीच, घरी वर्तमानपत्राचं कव्हर घालावं लागलं! न वाचलेल्यांना मग ती पोरगीच नखरेल वाटते, म्हणजे हम्बर्टचीच बाजू छापून मोकळे.