शाळेच्या गेटवर प्रादेशिक सेनेचे (टीए) जवान?
कोल्हापुरात टीए, म्हणजे लष्कराच्या अर्धवेळ राखीव दलाची बटालियन आहेच, तिथले जवान शाळांच्या सुरक्षेला द्या, अशी एक सूचना आहे. तळमळ पटते, पण प्रादेशिक सेना केंद्राच्या आदेशानं तैनात होते, मुख्याध्यापकांच्या अर्जावर नाही. खरा रस्ता माजी सैनिकांचा. मेस्को, म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ, सुरक्षारक्षक पुरवतं. आणि माजी सैनिक लवकर तयार होतो: खासगी सुरक्षारक्षकांसाठीच्या केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांत नव्या रक्षकाला 160 तासांचं प्रशिक्षण होतं, माजी सैनिकाला 56 तासांचं.

तरी पहारा देता येणं वेगळं आणि पालक ओळखणं वेगळं. घोळ होतो तो शाळा सुटताना, रिक्षावाले मामा ऐनवेळी बदलले की. म्हणून मूल न्यायला येणाऱ्यांची फोटोसह वर्गवार यादी आणि व्हॅनचे नंबर गेटवर हवेतच. आणि सुटायच्या वेळी रक्षकाशेजारी मुलांना ओळखणारा एक शिक्षक उभा करा.