ब्रायन मिचेलला सोडणं ही वॉशिंग्टनची चूक होती का?

पोटोमॅककाठी

१ जून २००० रोजी एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन रेडस्किन्सने (आताचे कमांडर्स) ब्रायन मिचेलला करारातून मोकळं केलं. दहा हंगाम या माणसाने त्यांच्यासाठी पंट आणि किकऑफ परतवले होते. माझं मत इतक्या वर्षांनीही बदललेलं नाही: ती घोडचूक होती, आणि ती झाली कारण नव्या मालकांना रिटर्नर कशासाठी असतो हेच उमगलं नव्हतं.

एनएफएल फारसं न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. समोरच्या संघाने किकऑफला (खेळ सुरू करताना) किंवा पंटवर (आपली चाल अडकल्यावर) चेंडू लांब लाथाडला की तो झेलून उलट धावत यायचं, हे रिटर्नरचं काम. पंट चार-साडेचार सेकंद हवेत असतो. तेवढा वेळ मान वर, नजर चेंडूवर, आणि दोन-तीन गडी पूर्ण वेगाने अंगावर येतायत हे ठाऊक असूनही त्यांच्याकडे बघायची सोय नाही. झेलून पळायचं, हात हलवून फेअर कॅच (न पळता बिनधोक झेल) मागायचा की चेंडू तसाच जमिनीवर पडू द्यायचा, हे त्या क्षणी ठरवावं लागतं. झेल सुटला तर समोरच्याला आयता चेंडू मिळतो.

मिचेल यात पक्का होता. वाऱ्यासारखा वेग काही त्याच्याकडे नव्हता. कॉलेजात तो क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) होता. १९९० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पाचव्या फेरीत त्याला घेतलं. आडवं नाचत बसायचा नाही, मधून सरळ घुसायचा आणि पहिला गडी अंगावर आला तरी पाय थांबायचे नाहीत. त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या एका सामन्यात वॉशिंग्टनचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले, तेव्हा हा नवखा पोरगा त्या जागी उभा राहिला आणि त्याने टचडाउनही (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केला.

आता जानेवारी २००० चा टॅम्पातला प्लेऑफ (बाद फेरीचा सामना) आठवा. दुसऱ्या सत्राचा पहिलाच किकऑफ मिचेलने १०० यार्ड परतवला. वॉशिंग्टन १४-१३ ने हरलं, पण त्या १३ गुणांत टचडाउन एकच होता आणि तो मिचेलचा. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत त्याला नारळ दिला आणि पंट झेलायला बचावपटू डिऑन सँडर्सला आणलं, सात वर्षांचा ५.६ कोटी डॉलरचा करार करून.

मिचेल गेला कुठे? फिलाडेल्फिया ईगल्सकडे, म्हणजे आपल्याच गटातल्या, वर्षातून दोनदा भेटणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे. त्या हंगामात ईगल्सनी ११ सामने जिंकले. वॉशिंग्टन ८-८ वर (आठ जिंकले, आठ हरले) अडकलं.

हिशेबनीस

असहमत. तुमच्या लिखाणात आठवणींचं प्रेम आहे, ते पोचलं. पण निर्णय तोलायचा तर त्या दिवशी टेबलावर काय होतं ते बघायला हवं.

मिचेल ऑगस्टमध्ये ३२ चा होणार होता. दहा वर्षं पूर्ण वेगाने येणाऱ्या माणसांवर आदळलेलं शरीर. त्या वर्षीची सॅलरी कॅप (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) साधारण ६.२ कोटी डॉलर होती आणि वॉशिंग्टनने ब्रूस स्मिथ, डिऑन, जेफ जॉर्ज अशी महागडी भरती केली होती. १ जूननंतर खेळाडू सोडला की कॅपवरचा बोजा दोन वर्षांत विभागता येत असे, म्हणून सगळेच संघ त्या तारखेची वाट बघायचे. यात मिचेलचा अपमान नव्हता, ती त्या काळची नेहमीची रीत होती.

आणि ८-८ चं खापर मिचेलच्या जाण्यावर फोडू नका. त्या हंगामात वॉशिंग्टनने पाच किकर (लाथेने फील्ड गोल मारणारे) बदलले. पाच! डिसेंबरमध्ये जायंट्सविरुद्ध ९-७ ने हरले, त्यात शेवटी ४९ यार्डांचा फील्ड गोल हुकला. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक नॉर्व्ह टर्नरची नोकरी गेली. तिथे रिटर्नर काय करणार होता?

फिलीकर

मी ईगल्सवाला, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरा. पण "वय झालं होतं" हे पटत नाही. नियमित हंगामांत मिचेलने कारकिर्दीत एकूण १३ रिटर्न टचडाउन केले. त्यातले ४ आमच्याकडे, तीन वर्षांत. पहिल्याच हंगामात एक पंट आणि एक किकऑफ. डिऑनने त्या वर्षी पंटवर एकही केला नाही आणि पुढच्या हंगामाआधी तो निवृत्तच झाला. सात वर्षांच्या करारातलं एक वर्ष!

टचडाउन सोडा. जानेवारी २००३ मध्ये टॅम्पाविरुद्धच्या एनएफसी (लीगच्या दोन विभागांपैकी एक) अंतिम सामन्याचा पहिला किकऑफ मिचेलने ७० यार्ड आणला होता. मिनिटभरात आमच्या ड्यूस स्टेलीने टचडाउन केला. आमच्या व्हेटरन्स स्टेडियमचा तो शेवटचा फुटबॉल सामना होता. तसा आवाज मी कुठल्याच मैदानात ऐकला नाही. (सामना २७-१० ने हरलो, त्याचं दुःख अजून आहे.)

हिशेबनीस

फिलीकर, आकडे बरोबर आहेत, पण त्यातलं श्रेय कोणाचं? ईगल्सच्या स्पेशल टीम्स (चेंडू लाथाडताना-परतवताना उतरणारे चमू) तेव्हा जॉन हार्बॉ सांभाळत होते, जे पुढे बाल्टिमोरचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकले. रिटर्न म्हणजे दहा जणांनी काढलेली वाट असते. पळणारा अकरावा. वॉशिंग्टनच्या विस्कटलेल्या स्पेशल टीम्समध्ये मिचेलने हेच केलं असतं, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

शिवाय डेस्मंड हॉवर्डचं उदाहरण घ्या. जानेवारी १९९७ च्या सुपर बोलमध्ये ९९ यार्डांचा किकऑफ परतवून तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर लगेच तो ग्रीन बे सोडून ओकलंडला गेला. ग्रीन बे पुढच्याच वर्षी पुन्हा सुपर बोलला पोचलं आणि ओकलंडने त्या हंगामात चार सामने जिंकले. रिटर्नर गेला म्हणून संघ बुडाला असं होत नाही.

नवी_प्रेक्षक

मला या खेळातलं अजून बरंच शिकायचं आहे, पण एक विचारते. मिचेलच्या नावावर रिटर्नचे एकूण १९,०१३ यार्ड आहेत, हा लीगचा विक्रम आहे असं वाचलं. मग त्याला संघात ठेवून डिऑनला फक्त बचावासाठी घेता आलं नसतं का?

पोटोमॅककाठी

ताई, नेमकं हेच. हिशेबनीस, तुम्ही हॉवर्डचं उदाहरण दिलंत, मी जॅकोबी जोन्सचं देतो. मे २०१२ मध्ये ह्यूस्टनने त्याला सोडलं, कारण प्लेऑफमध्ये बाल्टिमोरविरुद्ध त्याच्या हातून एक पंट निसटला होता. त्याच बाल्टिमोरने त्याला उचललं आणि पुढच्या सुपर बोलमध्ये त्याने १०८ यार्डांचा किकऑफ परतवला. तो सामना त्यांनी ३४-३१ ने जिंकला. म्हणजे तीन गुणांनी! तुमच्या हार्बॉंनीच घेतला होता त्याला. वाट काढणारे दहा जण कितीही चांगले असोत, त्या वाटेने धावायला कोण लागतो हे त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं.

आणि २००० मध्ये वॉशिंग्टन-फिलाडेल्फियाचे दोन्ही सामने तीन-तीन गुणांनी सुटले. एक आपण जिंकलो, एक ते. इतक्या अटीतटीच्या सामन्यात दर वेळी आठ-दहा यार्ड पुढून सुरुवात करायला मिळणं याला काहीच किंमत नाही?

मागची_बाकं

एक गोष्ट कोणी काढली नाही. त्याच मोसमात ईगल्स प्लेऑफमध्ये जायंट्सकडून २०-१० ने हरले. सामन्याचा पहिलाच किकऑफ रॉन डिक्सनने ९७ यार्ड परतवला होता. डिक्सन कोण? त्याच वर्षी ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत घेतलेला नवखा रिसीव्हर (पास झेलणारा). समोर मिचेलसारखा दिग्गज असताना सामना फिरवला तो कमी पगारावरच्या पोराने. म्हणून माझं मत हिशेबनीसांच्या बाजूने: रिटर्नरची जागा मोलाची आहे, पण ती तरुण पायांनी भरावी. अनुभवाचे पैसे क्वार्टरबॅकला द्यावेत.

फिलीकर

डिक्सनची ती धाव आठवली की अजून पोटात गोळा येतो. पण त्याला पंट झेलायला उभं करत नव्हते हेही बघा. किकऑफला समोर मोकळी जागा असते, वेग असला की निभतं. पंटला डोकं लागतं, आणि ते तिसऱ्या फेरीत दर वर्षी मिळत नाही.

पोटोमॅककाठी

मागची_बाकं, तुमचा मुद्दा आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार आहे. वॉशिंग्टनने मिचेलला सोडून एखादा डिक्सन आणला असता तर मी हा धागाच काढला नसता. पण त्यांनी पंटसाठी ऑगस्टमध्ये ३३ चा होणारा, म्हणजे मिचेलपेक्षा एक वर्षाने मोठा माणूस आणला, तोही कितीतरी महागडा. वय आणि पैसा ही दोन्ही कारणं तिथेच बाद होतात.

हिशेबनीस

बाद होत नाहीत. डिऑनला प्रामुख्याने कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) म्हणून आणलं होतं, पंट हे त्याचं जोडकाम होतं. एका जागेत दोन कामं बसवणं ही कॅपमध्ये राहायची सरळ पद्धत आहे. तो करार फसला हे मला मान्य. मिचेलला सोडणं चुकीचं होतं हे अजूनही मान्य नाही.